वडिलांची मूळ संख्या

माझे वडील खामगावात गणित शिकवत. एका संख्येने त्यांना झपाटले होते: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एकतीस वेळा दोन मांडून गुणायचे, आलेल्या उत्तरातून एक काढायचा, की ती मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, असे त्यांनी वाचले होते. छापलेले म्हणून खरे मानायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे सेहेचाळीस हजारांपर्यंतच्या एकेका मूळ संख्येने ते तिला भागून पाहत. रोज संध्याकाळी, ओसरीवर, पाटी घेऊन.

आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायची रीत नव्हती, आणि आजोबा तर ओसरीवरच बसलेले. वडील मान वर न करता विचारत, "तीनशे सदतीस सत्ते?" आतून भाकरी थापता थापता आई म्हणे, "तेवीसशे एकोणसाठ." हे गुणाकार वडिलांना स्वतःला येत नाहीत, असा समज फक्त आजोबांचा होता. शेजारच्यांनी नाक मुरडले तर ते ठणकावत, "ते गणित होय, बोलणं नोहे." आई कधी मुद्दाम चुकीचे उत्तर देई. मग वडील तोच प्रश्न पुन्हा विचारत, जरा हळू आवाजात.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले. कॉलेजसाठी मी नागपूरला गेलो. तिथे प्राध्यापकांनी या संख्येचा एक गुण सांगितला. एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जायचाच असेल, तर त्या भाजकाला बासष्टने भागून बाकी एक उरली पाहिजे, आणि आठने भागून एक किंवा सात. इतरांना हात लावायचे कारणच नाही. सुटीत जलंबला गाडी बदलून घरी आलो आणि पाय धुवायच्या आधी वडिलांना हे ऐकवले. त्यांनी ते स्वतः सिद्ध करून पाहिले, मगच मान्य केले. हजारो भाजकांतले थोडेच उरले. गणिताचा माणूस तो, त्यांना धीर कुठला निघणार?

माझी सुटी संपायच्या आत शेवटचा भागाकार झाला. बाकी उरलीच. वडील सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "संपलं. मूळ संख्याच हाय." मला फार आनंद झाला. आजोबांनीही मान डोलावली.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. आई पिठाच्या हातांनी दारात आली. सासऱ्यांसमोर ती अशी कधी आली नव्हती. तिने सरळ वडिलांकडे पाहिले आणि विचारले, "मंग उद्यापासून मले काय इचारसान?"