काटा दीड हजारावर

त्या मंगळवारी सकाळी आमच्याकडे रोजचाच गोंधळ चालला होता. लेकीचा एक मोजा सापडत नव्हता, इस्त्री तापायचं नाव घेत नव्हती, आणि आमचे हे घरभर फिरून "माझा चष्मा कुणी पाहिला का?" असं विचारत होते. चष्मा कपाळावर होता. मी सांगणार तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणी बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली, म्हणजे मिस्त्रीकाकाच. वायरिंग कुणी केलंय हे माहीत नसताना बटण दाबू नये, असं त्यांचं मत आहे.

मिस्त्रीकाका समोरच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत राहतात. खोलीला लागूनच त्यांचं गॅरेज होतं, आता तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. चाळीस वर्षं त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या आणि त्यातल्या बहुतेक कानाने. गाडी वळणावर दिसायच्या आधीच ते सांगायचे, "तिसरा प्लग गेलाय." म्हणून गल्लीत त्यांना कानसेन म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

धुतलेला पण तेलाचे डाग न गेलेला शर्ट घालून ते दारात उभे होते. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सूनबाई, गाडी शनिवारी जातेय म्हणे?"

"हो काका. परगावचे एक गृहस्थ विकत नेणार आहेत. यांनी शब्द दिलाय."

"मग आज मला बॉनेट उघडू द्या. ती खालून उचलत नाही."

खालून उचलत नाही, हे आम्हाला चांगलंच माहीत होतं. गाडी माझ्या सासऱ्यांची, तात्यांची. सहा सिलेंडरची, बिनक्लचची ऑटोमॅटिक, लांबलचक, त्यांच्या स्वभावासारखी शांत आणि जड. सरळ रस्त्यावर वेग घेतला की अजूनही लोण्यासारखी जायची. पण या हिवाळ्यापासून हळू चालताना तिच्यातलं बळच गेलं होतं. लेकीला शाळेत सोडायला मी रोज तीच न्यायचे, आणि काकांच्या खिडकीसमोरूनच आमच्या गल्लीचा चढ सुरू होतो. पाय दाबावा तर गाडी जागीच खोल श्वास घ्यायची, थरथरायची, मग उपकार केल्यासारखी पुढे सरकायची. मागून सायकलवाले पुढे जायचे. लेक सीटमध्ये खाली घसरून बसायची, मैत्रिणींनी बघू नये म्हणून.

"काका, मोठ्या वर्कशॉपमध्ये तीनदा दाखवली," हे चष्मा नाकावर आणत म्हणाले. "प्लग बदलले, सेन्सर बदलला. कॉम्प्युटर म्हणतो, गाडीला काही झालेलं नाही."

"कॉम्प्युटर चढ चढलाय कधी?"

यावर आमच्या ह्यांनी स्कूटरची किल्ली उचलली. ते लेकीला स्कूटरवर घेऊन निघाले. जाताना माझ्या कानाशी पुटपुटले, "बघू दे त्यांना. फक्त शनिवारी गाडी एका तुकड्यात असू दे."

मला मात्र नवल वाटत होतं. न बोलावता कुणाच्या बॉनेटमध्ये डोकं घालायचं नाही, हा काकांचा जुना नियम होता. हिवाळाभर त्यांनी खिडकीत बसून ती गाडी ऐकली, पण तोंडातून शब्द काढला नव्हता.

खाली गेल्यावर त्यांनी चारही चाकांना विटा लावल्या. मग खिशातून हातभर लांबीची बारीक रबरी नळी काढली. एक टोक कानात घालायचं आणि दुसरं इंजिनावरून फिरवायचं, ही त्यांची तपासणी.

"बसा आत. इंजिन सुरू करा आणि फेऱ्यांचा काटा दीड हजारावर धरा. ना वर, ना खाली."

बोलायला सोपं. माझा काटा एकदा बाराशेवर, एकदा दोन हजारावर. काका बाजूने डोकावले.

"पाय नका ठेवू सूनबाई, अंगठा ठेवा. चप्पल काढा. ती अनवाणी बसायची."

ती म्हणजे काकू. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण मला एकदम दिसल्या. गॅरेजमध्ये कुठलीही गाडी असो, ड्रायव्हरच्या सीटवर काकू. दाराशी त्यांची चप्पल, मांडीवर निवडायची भाजी नाहीतर उसवलेला शर्ट, आणि पाय ॲक्सिलरेटरवर. काट्याकडे बघायच्याही नाहीत. नुसत्या आवाजावर दीड हजार धरून ठेवायच्या, काका म्हणतील तितका वेळ. आवाज जरा घसरला की त्याच आधी म्हणायच्या, "पडला हो." एकदा मी विचारलं होतं, "काकू, गाडी चालवायला का नाही शिकलात?" त्या हसून म्हणाल्या, "यांनी एकही गाडी इथे दोन दिवसांच्या वर राहू दिली का? शिकू कशावर?"

मी चप्पल काढली. अंगठ्याने जमलं. सहा सिलेंडरांचा तो सलग, मऊ, खर्जातला आवाज लागला. काकांनी नळी सगळीकडून फिरवली.

"काहीच नाही," मी म्हटलं.

"नसणारच. आता डावा पाय ब्रेकवर घट्ट. गिअर टाका, आणि पुन्हा हळूच दाबा."

गाडी जागच्या जागी जोर करू लागली आणि बॉनेटखाली इंजिन एका बाजूला कलल्याचं मला सीटमध्येसुद्धा जाणवलं. आवाज एकदम बसला. माझ्या तोंडून आपसूक गेलं, "पडला हो!"

काकांनी नळी कानाला तशीच धरली होती. मग हाताने खूण केली, बंद करा.

मी उतरून बघायला गेले. फिल्टरमधून इंजिनाकडे हवा नेणारी मनगटाएवढी जाड, घड्याघड्यांची रबरी नळी असते. तिच्या इंजिनाकडच्या टोकाला, नळी आवळून धरणाऱ्या क्लॅम्पवरूनच, काळी टेप गुंडाळलेली होती. एकसारखी, पदरावर पदर, नऊवारीच्या निऱ्यांसारखी नेटकी. खालच्या बाजूला मात्र ती उलली होती.

"इंजिन जोर करताना कलतं, तेव्हाच ही भेग उघडते," काका म्हणाले. "एरवी मिटलेली. म्हणून उभ्या गाडीत कुणाला सापडली नाही. इथून चोरून आत गेलेली हवा मोजलीच जात नाही, आणि पेट्रोल त्या हिशोबाने येत नाही."

"मग पळताना बरी कशी चालते?"

"तेव्हा हवाच इतकी जाते की एवढ्याशा चोरीने काही बिघडत नाही."

"म्हणजे चिमूटभर मीठ पेल्यात पडलं तर कळतं, हंड्यात नाही."

"तुम्ही माझ्याकडे यायला हवं होतं कामाला," ते म्हणाले. पण हसले नाहीत. टेपकडेच बघत होते.

मग हळूहळू बोलले. भेग अकरा वर्षांपूर्वीची होती. नवी नळी मिळत नव्हती म्हणून त्यांनी आतून रबराचा तुकडा चिकटवला, आणि टेप गुंडाळली काकूंनी, कारण त्या सांदीत त्यांचीच बोटं जात. तात्यांना सांगितलं, महिनाभराचं काम आहे, नवी आली की बसवतो. महिन्याच्या आत काकू आजारी पडल्या. नळी आली त्या आठवड्यात त्या गेल्या.

काकांनी कापड उलगडलं. आत नवीकोरी नळी, अंगावर पांढरी पावडर. "दर सहा महिन्यांनी टाल्कम लावतो. रबर कडक होत नाही."

"इतकी वर्षं होती तुमच्याकडे? मग..."

"क्लॅम्प सोडवायचा तर टेप सोलायला लागते."

त्यांनी टेपच्या टोकावर बोट ठेवलं. टोक जरासं दुमडलेलं होतं, आपण पुढच्या वेळी पटकन सापडावं म्हणून दुमडून ठेवतो ना, तसं. महिन्याभराने नवऱ्याच्या जाड नखांना त्रास नको, म्हणून काकूंनी ठेवलेलं.

"तात्या भेटले की विचारायचे, मिस्त्री, नळी आली का? मी म्हणायचो, येईल. खोटं बोललो त्यांच्याशी. गेले बिचारे वाट बघून. पण आता गाडी परक्या गावी जाणार. दिलेलं काम अर्धवट ठेवून नाही पाठवता येणार."

मी म्हटलं, "मी सोलू का, काका?"

"नको."

दुमडलेलं टोक धरून त्यांनी ओढलं. अकरा वर्षांचा गोंद, सरळ कुठला निघतोय. तुकड्यातुकड्याने निघत होता, आणि ते प्रत्येक तुकडा बॉनेटच्या कडेला ओळीने चिकटवत होते. अर्धा तास लागला. नवी नळी बसवायला मात्र पाच मिनिटंही लागली नाहीत.

विटा काढल्या, काका शेजारी बसले आणि मी गाडी चढाला लावली. मुद्दाम अगदी सावकाश. अंगठ्याने किंचित दाबलं, आणि तिने खालूनच, काहीही कुरकुर न करता, आम्हा दोघांना उचलून वर नेलं. भरलेली कळशी कुणी सहज कमरेवर घ्यावी, तसं. वरच्या वळणावर मी बघितलं, तर काकांचे डोळे मिटलेले होते.

परत येऊन त्यांच्या खिडकीखाली गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. ते उतरेनात.

"काका, यांना सांगते मी. कदाचित शनिवारचं..."

"शब्द दिलाय ना त्यांनी? मग जाऊ दे. गाडीने चालायला हवं." त्यांनी टेपचे तुकडे कापडात नीट बांधले. मग माझ्या अनवाणी पायाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, शनिवारपर्यंत चार सकाळी आहेत. रोज निघताना इथे खिडकीखाली पाच मिनिटं थांबा, आणि काटा दीड हजारावर धरा."