अक्काचा दुखवटा आम्ही तोरणमाळला काढला

गेल्या रविवारी भर दुपारी मी तोरणमाळला वांगी भाजत बसले होते. माझ्या मुलाने, सागरने, त्याचा फोटो टाकला, आणि तेव्हापासून जो तो विचारतोय, काकू तिथे बघण्यासारखं काय आहे... म्हणून एकदाच सांगते. मी बोलते, मोबाईल लिहितो. चुका त्याच्या.

बघायला भरपूर आहे. शहाद्याच्या पुढे घाट लागतो, वळणावर वळण, तेव्हा निघताना पोट भरून खाऊ नका. वर मोठा यशवंत तलाव आहे. सीताखाई आहे, इतकी खोल की बडबड करणारा माणूसही गप्प होतो. थंडीत जा, स्वेटर न्या. झालं.

आता मी का गेले ते.

माझी मोठी बहीण, अक्का, एरंडोलला असते. गेल्या थंडीत आमचे दाजी गेले. आमच्याकडे रीत आहे... माणूस गेला की माहेरचे येतात, बाईला घराबाहेर काढतात, माहेरी नेऊन साडी देतात, घास भरवतात. दुखवटा काढणं म्हणतात त्याला. तोपर्यंत बाई ना लग्नाला जात, ना बारशाला.

पण आमचं माहेर नशिराबादला, आणि तिथे आता कुणीच नाही. आई गेली, आबा गेले, भाऊ आम्हाला नव्हताच. मग दुखवटा काढणार कोण? राहून गेला. अक्का वर्षभर दाराच्या आत. फोन केला की हां... हूं... ठेव. मला काही ते हां-हूं सहन होईना.

मी साडी घेतली आणि सागरला म्हटलं, गाडी काढ. माहेराला कुलूप असेल, डोंगराला तर नाही ना!

निघतानाच भांडण झालं. मी कॅरियरवर कपाशीच्या काड्यांचा भारा बांधला. सागर म्हणाला, "आई, लोक हिल स्टेशनला बॅगा नेतात." म्हटलं, "तू बॅगा ने. मी काड्या नेते." वांग्याचं भरीत गॅसवर करणाऱ्यांनी माझ्याशी बोलू नये.

सागरला खरी काळजी वेगळीच होती. कारण भरीत म्हणजे दाजी. थंडी पडली की सगळ्या गल्लीची वांगी दाजी भाजायचे आणि अक्का ठेचायची. ते गेल्यापासून तिने घरात वांगं येऊ दिलेलं नाही. "मावशी रडेल," सागर म्हणाला. रडू दे म्हटलं. हां-हूं पेक्षा बरं.

एरंडोलला अक्काची जाऊ दारातच आडवी. "दुखवटा माहेरमा काढतस वं माय, हिल स्टेशनवर नही!"

"माहेरमा आते कोन शे? कुलूप शे. कुलूप भरवी का तिले घास?" मी म्हटलं, आणि अक्काला हाताला धरून गाडीत बसवलं. ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

वर पोचलो. तलावावर आम्ही दोघं उतरलो, अक्का गाडीतच. सीताखाईला तेच. काच वर, तोंड फिरवलेलं. सागर "मावशी, चल ना" करून दमला. माझं डोकं फिरलं... एवढा डोंगर चढवून आणली ती काय सीटवर बसवायला?

एका लॉजवाल्याला विचारलं आणि त्याच्या मागच्या अंगणात काड्या पेटवल्या. गाडी समोरच उभी. वांगी छान फुटायला लागली. कांद्याची पात, शेंगदाणे, मिरच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, सगळं आणलेलं. आणि मग लक्षात आलं... बडगी घरीच राहिली! भरीत ठेचायचं लाकडी भांडं. तेच विसरले.

हट्ट सोडेन तर मी कसली. स्टीलच्या पातेल्यात भाजून झालेली वांगी टाकली आणि तांब्याच्या बुडाने ठोकायला लागले. खणखण, खणखण... निम्मं वांगं बाहेर.

गाडीचं दार वाजलं.

अक्का आली ती पदर खोचतच. "काय वं, वांगास्ले मारी ऱ्हायनी का भरीत करी ऱ्हायनी?" मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सरक."

मी सरकले. सागरला विचारा, मी कुणासाठी सरकते का ते.

तिने तांब्या बाजूला सारला, वांगी हातानेच कुस्करायला घेतली. मग विस्तवावर उरलेल्या वांग्यांकडे बघितलं. एक वांगं उचलून फिरवलं. "हाई बाजू कच्ची शे. त्या ऱ्हातात ते..."

त्या म्हणजे दाजी, ते असते तर... पुढचं तिला बोलता आलं नाही. मोठ्याने रडली, वर्षभराचं रडली... आणि रडता रडता एक एक वांगं फिरवत राहिली, एकही जळू दिलं नाही. सागर उठायला लागला, मी डोळ्यानेच त्याला खाली बसवलं.

भरीत झालं. मी साडी तिच्या खांद्यावर टाकली आणि पहिला घास भरवला.

अक्काने चावला. गिळला. म्हणाली, "मीठ कमी शे."

मग पोटभर जेवली. लॉजवाल्यालाही बोलावून वाढलं. हात धुऊन आली आणि गाडीकडे न जाता सागरला म्हणाली, "तो मोठा तलाव कोठे शे रे? मना ते देखाना ऱ्हाई गया."

नवी साडी तशीच खांद्यावर घेऊन पुढे चालायला लागली. आमच्यासाठी थांबली पण नाही.

तुमच्याकडे कुणाचा दुखवटा राहून गेला असेल तर काढून टाका. माहेर नसेल तर डोंगर आहेत. काड्या न्या, वांगी न्या, मीठ नीट टाका. बडगी मात्र घरीच राहू द्या.