बाबांचा पांढरा शर्ट

खेळताना ती मध्येच थांबायची, टेबलापासून एक पाऊल मागे सरायची आणि हात वर करायची. "लागला!" म्हणजे हात किंवा कपडा बॉलला लागला, फाउल झाला. स्नूकरमध्ये हे खेळणाऱ्याने स्वतःच सांगायचं असतं. गोरेगावातल्या आमच्या पार्लरमध्ये मात्र कोणी पाहिलं नाही तर फाउल झालाच नाही, असा कायदा होता. तो मोडणारी ती एकटीच.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो आमचं मैदान बिल्डरपासून वाचवायची पत्रकं वाटायला. बाकीच्यांनी त्यांवर चहाचे ग्लास ठेवले. तिने वाचलं.

"चौथ्या ओळीत थाप मारलीयस. मैदान सगळं नाही, अर्धं गेलंय."

"त्याने जोर येतो गं."

"जोर येतो, पण फाउल आहे ना?"

तेव्हापासून माझं नाव 'पत्रक' पडलं.

मुलगी खेळते म्हणून टोमणे असायचेच. एकाने म्हटलं, "मॅडम, भुवया कोरायचं पार्लर मागच्या गल्लीत आहे."

"मग जाऊन ये ना. तुझ्याच वाढल्यात." आणि वाकून तिने पुढचा बॉल पॉकेटमध्ये घातला.

तिच्या घरी आई ब्लाउज शिवायची. आईने तिला एकच वर्ष दिलं होतं. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळ, नाहीतर नोकरी.

निवडीचे सामने एका जुन्या क्लबात होते. पांढरा फुल शर्ट हवा, बाह्यांची बटणं लावलेली हवीत, असा तिथला नियम. ती बाबांचा लग्नाकार्याचा शर्ट घालून आली. बाह्या ढगळ, मनगटाशी पिशवीसारख्या लोंबणाऱ्या. मी तिची क्यू, म्हणजे खेळायची काठी, ठेवायची पेटी सांभाळत बसलो होतो.

शेवटच्या सामन्यातली शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव. टेबलावर फक्त काळा बॉल उरला होता, सात गुणांचा. ती पाच गुणांनी पुढे होती. काळा घातला की निवड पक्की. पांढरा बॉल लांब, टेबलाच्या मधोमध होता, म्हणून हात ताणून तिला त्याच्या अगदी जवळ बोटं टेकवावी लागली. पंच पलीकडच्या बाजूला उभे होते. कोणालाच काही दिसलं नाही.

ती एक पाऊल मागे सरली. हात वर.

"लागला."

फाउलचे सात गुण समोरच्या मुलीला गेले. सामना संपला.

जिन्यात मी पेटलोच. "बाही लागली ती त्यांच्या बटणांच्या नियमामुळे! उघड्या हातांनी खेळली असतीस तर जिंकली असतीस. यावर पत्रक काढतो!"

"काढ. पण लागला होता, हेही लिही."

"अगं, तुझं वर्ष गेलं!"

"गेलं. आता आईकडे दुसरं मागते. भांडून मागते."

घरी शिलाई मशीन चालू होतं. तिने सगळं सांगितलं.

"कोणी बघितलं?" आईने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला कळलं ना, आई. मला अजून एक वर्ष हवंय. तू नाही म्हणालीस तरी मी उद्या टेबलावर जाणार आहे."

मशीन थांबलं. आई म्हणाली, "शर्ट काढून दे इकडे."

तिने दोन्ही बाह्या उसवल्या, लेकीच्या मनगटावर माप धरलं आणि पट्ट्या अरुंद करून पुन्हा शिवल्या.

पुढच्या वर्षी तोच शर्ट घालून ती त्याच क्लबात गेली आणि जिंकली. पुढे व्यावसायिक झाली. आता परदेशात खेळते, तिथे तिच्या मापाचे शर्ट शिवून मिळतात. तिचा सामना असला की पार्लरमधले सगळे एका मोबाइलभोवती गोळा होतात.

पांढरा शर्ट बाबांकडे परत आला. परवा आमच्या मैदानाच्या सभेला ते तोच घालून आले होते. बाह्यांची बटणं लागतच नव्हती.

"काका, काकूंकडून बाह्या सैल करून घ्या ना."

"रवांदे तसाच," ते म्हणाले.

मी ठराव वाचला. 'उरलेलं अर्धं मैदान' असंच लिहिलं होतं. बाजूने असतील त्यांनी हात वर करा म्हटलं, तर सगळ्यांत आधी त्यांचा हात वर गेला. बटण न लागलेली बाही घसरून खाली आली.