मायला शेंडेनक्षत्र दाखवायचं होतं

बडनेऱ्याच्या फलाटावर हिवाळ्यातल्या पहाटे एखादा माणूस हात पुरता लांब करून, मूठ वळून, एक डोळा मिटून उभा असलेला तुम्ही पाहिला असता, तर तुम्हीही दोन पावलं मागे सरला असता. मी सरलो होतो. चहावाल्यानेही आपली किटली जवळ ओढली. हा मूठ कोणाला दाखवतोय तेच कळेना, कारण समोर रुळांपलीकडे कोणीच नव्हतं, नुसतं चांदण्यांचं आभाळ होतं. मग त्याने त्या मुठीवर दुसरी मूठ ठेवली, तिच्यावर पुन्हा पहिली, आणि मान हलवून म्हणाला, "गुरू काल गाडी आली तवा दोन मुठी वर होता. आज तीन झाल्या. गाडी लेट हाय."

गाडी लेट होतीच. त्या दिवशी आमची बोलाचाल सुरू झाली, आणि आपल्याच लेआउटमध्ये, त्याच वसाहतीत, चार घरं सोडून हा माणूस राहतो, आपल्याच कार्यालयाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नोकरीला आहे, हे मला गाडीत बसल्यावर समजलं. आम्ही दोघेही अमरावतीहून अकोल्याला अप-डाउन करणारे. मी हिशेब विभागात, तो आरेखक. कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढायचा. कार्यालयात त्याला सगळे 'वेधशाळा' म्हणत. "आज वेधशाळा काय म्हणते?" असं कोणी विचारलं की तो रागवायचा नाही, खरोखरच शुक्र कधी मावळणार ते सांगायचा. विचारणारा मग पुन्हा विचारत नसे.

त्याचं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यात जायचं. "सोताच्या डोयानं पायलं का?" हे तो प्रत्येक गोष्टीला लावायचा. डब्यात कोणी सांगावं, साहेबांची बदली झाली म्हणे. हा लगेच, "ऑर्डर सोताच्या डोयानं पायली का?" कोणी म्हणावं, अमक्याच्या मुलीने पळून लग्न केलं. "तुमी होते काय तथी?" आता तुम्हीच सांगा, अप-डाउन करणाऱ्यांचा वेळ अशाच गोष्टींवर तर जातो. त्याच्यामुळे कित्येक चांगल्या बातम्या मूर्तिजापूर स्टेशन यायच्या आतच मेल्या.

डिसेंबरात उल्का पडायच्या दिवसांत तो मला पहाटे गच्चीवर बोलवायचा. चटईवर उताणं झोपायचं, कानाला मफलर, अंगावर घोंगडी, आणि वर बघत राहायचं. मी थंडीला घाबरणारा माणूस. "किती वेळ?" म्हणून विचारलं की म्हणायचा, "पडेपर्यंत." आणि पडायच्या. एक सर्रकन गेली की आम्ही दोघेही एकदम "आहा!" म्हणायचो आणि खालून त्याची माय ओरडायची, "कावून बोंबलून राहिले रे सकाई सकाई?"

ती वर कधी येत नसे. गुडघे दुखतात म्हणून, असं मला वाटायचं. खरं कारण त्याने मला एकदा परतीच्या गाडीत सांगितलं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एक मोठा धूमकेतू आला होता. तुमच्यापैकी ज्यांची वयं झाली आहेत त्यांना आठवत असेल, उन्हाळ्याच्या तोंडाशी रोज संध्याकाळी पश्चिमेला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. हा तेव्हा नुकताच शिकून बाहेर पडलेला. याने वडिलांना हाताला धरून गच्चीवर नेलं आणि दाखवला. वडील इतके खूश झाले की त्यांनी आख्ख्या गल्लीला हाका मारून वर बोलावलं. पुढे आठवडा गेला नसेल, वडील झोपेतच गेले. हृदयविकार. आणि भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर, माय याला म्हणाली, "तूच दाखवलं त्याईले शेंडेनक्षत्र."

एवढंच. पुन्हा कधी ती हे बोलली नाही. पण तेव्हापासून दिवेलागणीनंतर तिने वर पाहिलं नाही. कोजागिरीला घरचे सगळे गच्चीवर दूध आटवायचे, ती आपला पेला स्वयंपाकघरात बसून प्यायची.

"मग तिला समजावून सांग ना," मी म्हणालो. "शिकलेला आहेस."

"समजावून काय होते, भाऊ? बर्फाचा गोया हाय, धूळ हाय, मी लाख सांगीन. थे हो हो म्हणन. मले तिले पटवाचं नाई. मले तिले दाखवाचं हाय. सोताच्या डोयानं पायन, दुसऱ्या दिवशी घर जसंच्या तसं असन, मंग तिचं भेव जाईन." मग तो म्हणाला, "आन् माह्यावरचा ठपकाबी जाईन."

हे शेवटचं तो खिडकीबाहेर पाहत बोलला. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस आईच्या हातचं जेवत होता आणि ते वाक्य गिळत होता.

तर ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण यापुढे त्याने जे जे केलं ते याच्यासाठी. कोरोनाच्या पावसाळ्यात एक धूमकेतू आला, पण तेव्हा आठवडेच्या आठवडे आभाळ गच्च. तो रोज संध्याकाळी ढगांकडे बघत अंगणात उभा राहायचा. एव्हाना मायला गुडघ्यांमुळे गच्ची चढताही येत नव्हती, म्हणून जे काही दाखवायचं ते अंगणातूनच दाखवायला हवं होतं. आणि नेमका त्याच सुमारास लेआउटच्या मोकळ्या जागेत हायमास्ट, तो उंच खांबावरचा मोठा दिवा, लागला. संध्याकाळ झाली की त्याच्या अंगणात सुईत दोरा ओवता येईल एवढा उजेड. याने ठरवलं, या दिव्याला वरून टोपी बसवून घ्यायची.

आमच्या लेआउटमध्ये एक पुढारी आहेत. ते नेहमी पुढच्या निवडणुकीचे उमेदवार असतात. याने त्यांच्याकडे खेटे घालायला सुरुवात केली. ते म्हणायचे, "लोकं मले उजेड मांगतेत, तुमी अंधार मांगता. मी मतं कोणाले मांगू?" हा म्हणायचा, "उजेड खाली पाडा ना, वरतं कोण रायते?" असं महिनोन्महिने चाललं.

आणि मग तो पाडवा आला. तुमच्यापैकी जे वऱ्हाडात होते ते विसरले नसतील. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, अंधार पडला होता आणि आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांगच्या रांग सरकत गेली. आख्खं अमरावती रस्त्यावर आलं. कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे युद्ध सुरू झालं. मी तोंडातला घास तसाच ठेवून अंगणात आलो होतो. आमच्या सगळ्या लेआउटमध्ये ते न पाहिलेला एकच माणूस होता. तो पुढाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत, पडदे लावलेल्या खिडकीशी बसून, दिव्याला टोपी का हवी ते सांगत होता. बाहेर ओरडा झाला तेव्हा पुढारी उठले. याला वाटलं, ते विषय टाळून राहिलेत. याने त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा खाली बसवलं.

दोघेही बाहेर आले तेव्हा आकाशात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत तो एकेकाला पकडून विचारत होता. किती हळू गेलं? मुठीनं दाखवा. कुठून कुठे? सगळ्यांचं ऐकून म्हणाला, "तारा इतका हळू तुटत नाई. कोन्या तरी यानाचा सांगाडा जयला असन." पुढे पेपरात तसंच आलं. पण तेव्हा कोणीतरी संधी साधून त्याला विचारलंच, "सोताच्या डोयानं पायलं का?" सगळा डबा हसला. तोही हसला, आणि मग अकोला येईपर्यंत सगळ्यांनी सांगितलेल्या मुठी वहीत मांडत बसला.

पुढाऱ्यांनी मात्र त्यानंतर टोपी बसवून दिली. बहुतेक त्यांनाही वाईट वाटलं असावं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, दसऱ्याच्या सुमारास, तो दुपारी माझ्या टेबलाशी आला. चेहरा उजळलेला. "भाऊ, आला. संध्याकाळी पश्चिमेले, शुक्राच्या उजवीकडं. कोजागिरीपर्यंत चांगला दिसते. तुमची गाडी पाह्यजे."

"अंगणातून दाखव की. टोपी कशाला बसवली मग?"

"समोर तीन मजली झाली ना," तो म्हणाला. आणि खरंच, पश्चिमेला नवी इमारत उभी राहिली होती. आकाश वरचं मिळालं होतं, खालचं गेलं होतं.

भातकुलीच्या पुढे त्याच्या मामांचं शेत आहे. मामा शेवंती आणि झेंडू लावतात, थोडा भाजीपाला. त्या रस्त्यावर पश्चिम मोकळी आहे. दसऱ्याचं सोनं द्यायला मायला भावाकडे न्यायचं आणि येताना गाडी थांबवायची, असा त्याचा बेत. मला वाटलं, तिला न सांगता नेणार. पण गाडीत बसवायच्या आधीच तो तिला म्हणाला, "माय, खोटं बोलून नेत नाई. मामाले सोनं देऊ. येताना शेंडेनक्षत्र दिसन. मी उतरून पाईन. तुले पाहाचं असन तं पाय, नाई तं गाडीतच बस."

माय आपट्याची पानं पदरात घेऊन मागच्या सीटवर बसली. भावाला भेटायची हौस मोठी होती.

पहिल्या दिवशी परतीचा पाऊस आला. आम्ही सोनं देऊन, चहा पिऊन पावसातच परत आलो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गाडी घेऊन या म्हणाला. "आता कोणतं सोनं?" मी विचारलं. "मामीचं रायलं होतं," तो म्हणाला. त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, त्याने मला दाखवलं. धूसर, लांब शेपटीचं, फार सुंदर. माय गाडीत डोळ्यांवर पदर घेऊन बसून होती. त्याने एकदाही तिला हाक मारली नाही. आल्यावर फक्त म्हणाला, "चाला."

तिसऱ्यांदा आम्ही पोहोचलो तेव्हा मामांनी फाटकातूनच हात जोडले. "अबे, पुन्हा सोनं? बँक लुटली काय तुमी?"

कोजागिरीच्या आदली संध्याकाळ होती. पूर्वेला चंद्र वर आलेला, सगळ्या तुरीवर चांदणं. चंद्रामुळे आकाश पांढुरकं झालं होतं. परतताना गाडी थांबवून तो दुर्बीण घेऊन उभा राहिला आणि त्याला काही केल्या सापडेना. शुक्र होता, तिथून मुठी मोजून झाल्या, पुन्हा मोजून झाल्या. मी म्हणालो, जाऊ दे आता. तो ऐकेना. दुर्बीण डोळ्यांना लावायचा, काढायचा, पुसायचा. वेळ जात होता आणि धूमकेतू खाली उतरत होता.

मागे गाडीचं दार वाजलं. माय पाय खाली सोडून बसली होती.

"दिसून नाई राहिलं काय?"

"नाई, माय."

"बापाले तं लवकर दाखवलं होतं."

मी दचकलो. पण तिच्या आवाजात राग नव्हता. ती दाराला धरून उठली, गुडघ्यावर हात ठेवत रस्त्याच्या कडेपर्यंत आली आणि त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली. पोराची फजिती तिला पाहवली नाही, एवढंच मला तेव्हा वाटलं. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "सापडलं," आणि दुर्बीण त्याच दिशेला रोखून तिच्या डोळ्यांशी धरली.

ती कितीतरी वेळ पाहत होती. मोतीबिंदू काढलेले तिचे डोळे चांगले होते.

"हे इतकंसं?" ती म्हणाली. "कापसाच्या वातीवाणी दिसते बाप्पा." मग पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "चाल आता, थंडी वाजून राहिली."

परत येताना तो माझ्या शेजारी बसला होता आणि दुर्बीण मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा पुसत होता. दुसऱ्या दिवशी कोजागिरीला त्याच्या बायकोने मला बोलावून अंगणात दाखवलं. माय खुर्ची टाकून बाहेर चांदण्यात बसली होती आणि दूध पीत होती. तो गच्चीवर गेलाच नाही, तिच्या पायाशी बसून होता. आपल्या त्या जुन्या वाक्याबद्दल मात्र ती त्याला काही म्हणाली नाही. त्यानेही विचारलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तिनं पायलं ना. बास झालं."

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. वडिलांसारखाच, झोपेत. पहाटेच्या गाडीसाठी मी फाटकाशी हाक मारायला गेलो आणि आतून रडणं ऐकू आलं.

त्याच्या जाण्याच्या दुःखाइतकीच मला त्या घरात येणाऱ्या लोकांची भीती वाटत होती. आणि झालंही तसंच. तिसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या होत्या. मी पुरुषांत बसलो होतो, पण मधलं दार उघडं होतं. एक लांबची नातेवाईक बाई डोळे पुसत म्हणाली, "बापानंबी थे पायलं आन् गेला. आता लेकानंबी पायलं. कावून पाहा लागते म्हणते मी माणसाले..."

ज्या गोष्टीसाठी त्याने इतकी वर्षं घालवली ती त्याच्याच मरणाने पुसली जाणार, असं मला वाटलं.

माय भिंतीला टेकून बसली होती. ती तशीच बसून म्हणाली, "मीबी पायलं. मी हाय ना जित्ती."

बाई काही बोलायला गेली, तिला मायने हाताने थांबवलं. "थ्याचा बाप गेला तवा म्या माह्या पोराले बोलली. भरल्या घरात बोलली. नोको होतं बोलाले. आता तुमी कोणी बोलू नोका." आणि मग ती रडायला लागली, पहिल्यांदाच.

पंचवीस वर्षं ज्याला हे ऐकायचं होतं तो फोटोत होता. ते आम्ही ऐकलं. मला तेव्हा स्वतःचा राग आला, त्या बाईचा आला, मायचाही आला. आणि तिच्या जवळ जाऊन बसावंसंही वाटलं.

तेरावं झाल्यावर मी निरोप घ्यायला आत गेलो. मायने मला थांबवलं. "थे नवं कवा येते?"

"काय, माय?"

"शेंडेनक्षत्र. थो असता तं त्यानं सांगतलं असतं. आता तू पाय, आन् मले सांगजो. गाडी तं तुहीच हाय."

मला आकाशातलं काहीही कळत नाही. शुक्र कोणता आणि गुरू कोणता, तो दाखवेल तेव्हा समजायचं, एरवी नाही. पण मी "हो" म्हणालो. आता पहाटे बडनेऱ्याला गाडीच्या आधी पोहोचतो आणि फलाटाच्या अंधाऱ्या टोकाशी जाऊन मुठी मोजायला शिकत असतो.