उदगीरचं विमान आणि अप्पांची खांदेमळणी

परवा खांदेमळणीला आम्ही रेणापूरहून उदगीरला गेलो होतो... बैलांसाठी नाही, एका विमानासाठी.

अप्पा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी ते एअर फोर्समध्ये मेकॅनिक होते. एकाहत्तरच्या युद्धात नॅट नावाच्या लहानशा लढाऊ विमानांची देखभाल करायचे. पुढे गावी येऊन शेती धरली, पण आभाळात कसलाही आवाज आला की हातातलं काम टाकून अजूनही वर बघत उभे राहतात.

त्यांच्याकडे एक ठरलेलं विमान होतं. 'आपलं विमान' असंच म्हणतात ते... आणि त्याच्या खोड्या अगदी बैलाच्या खोड्यांसारख्या सांगतात. एकदा पुढचं चाक बाहेरच आलं नाही, तर गडी नाकावर घसरत गेला. एकदा इंजिनात घार शिरली. एकदा तर ऐन लढाईत तोफा अडकून बसल्या! "लई तापट होतं, पन पायलटला कधी दगा न्हाई दिला त्यानं," हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे.

युद्धाच्या शेवटी शेवटी ते एकदा उडालं आणि परत आलंच नाही. मार खाऊन दुसऱ्याच तळावर उतरलं होतं. पायलट सुखरूप होता, विमान मात्र तिथंच राहिलं आणि इकडे अप्पांची बदली झाली. कुणी म्हणालं दुरुस्त झालं, कुणी म्हणालं भंगारात गेलं... खरं काय ते अप्पांना कधीच कळलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात उदगीरच्या माझ्या नणंदेने तिथल्या एका शाळेचा फोटो पाठवला. मैदानात चक्क नॅट उभं! अप्पांनी मोबाईल नाकाजवळ धरून किती तरी वेळ बघितलं. मग परत देत म्हणाले, "सुवर्णा, खांदा बघावा लागंल."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यांना, जिथं जू बसतं तिथं, हळद आणि तूप चोळतात. ती खांदेमळणी. आमच्याकडे आता ट्रॅक्टर आहे, त्यामुळे हा दिवस अप्पांना खायला उठतो. परवा मात्र धुतलेली टोपी घालून, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन ते सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, डब्यात चिवडा असेल!

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन दाटलेलं होतं आणि वर ढग असे सावकाश चाललेले, जणू त्यांना कुठे पोचायचंच नव्हतं... मला उगाच वाटत राहिलं की त्यातून एखादं इवलंसं विमान निघेल, पिकावरून सावली ओढत जाईल, आणि अप्पा काच खाली करून त्याला हाक मारतील.

शाळेतलं विमान ऑइलपेंटने नुसतं चकाकत होतं. नाकावर कुंकवाची बोटं, शेपटीवर हा मोठा नंबर. मी हरखून अप्पांना नंबर दाखवला, तर शिपाईमामा हसायलाच लागले. "त्यो नंबर आमच्या अध्यक्षसाहेबांच्या गाडीचा हाय, म्याडम. पेंटरनं इचारलं कंचा टाकू, तर समद्यांनी त्योच सांगितला."

खरा नंबर रंगाखाली गेला होता, म्हणजे आता खांदाच उरला. नॅटचे पंख अंगाच्या वरच्या बाजूने, अगदी खांद्यातून फुटतात. डाव्या पंखाच्या मुळाशी, खालच्या बाजूने, गोळीच्या भोकावर अप्पांनी एकदा पत्र्याचं ठिगळ मारलं होतं. ते सापडलं तर विमान आपलं.

अप्पांनी डबा उघडला. आत हळद-तूप! टाचा उचलून ते डावा खांदा मळू लागले... हळूहळू, डोळे मिटून.  देवा, असू दे रे, एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

"न्हाई," ते म्हणाले. पत्रा सपाट होता.

 मी 'चला अप्पा' म्हणणार होते, पण ते वळसा घालून पलीकडे गेलेसुद्धा. बैलाचा एकच खांदा मळून सोडायची पद्धत नाही ना... आणि उजव्या पंखाखाली त्यांची बोटं थांबली.

तिथंही ठिगळ होतं. दुसऱ्याच कुणी मारलेलं.

"आपलं न्हाई हे," अप्पा पुन्हा म्हणाले, पण आवाज मऊ झाला होता. "पन कुनीतरी लई जीव लावून बसवलंय बग." त्यांनी माझा हात धरून तिथं ठेवला. जाड रंगाखाली बारीकशी कड आणि रिव्हेटची एक सरळ ओळ लागली, आणि मला एकदम रडू आलं.

मग त्यांनी विमानाच्या नाकावर दोन्ही तळवे ठेवले आणि बैलाला पोळ्याचं आमंत्रण देताना म्हणतात तेच म्हणाले... "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." शिपाईमामांनी मागे उभ्या उभ्याच हात जोडले.

परतीच्या वाटेवर नळेगाव मागे पडलं. मग अप्पा बाहेर बघतच म्हणाले, "आपल्या इमानाला बी असाच कुनाचा हात लागला असंल का गं?"

"लागला असणारच, अप्पा," मी म्हणाले. आणि त्यांची समजूत काढायला नाही हं... मला खरंच तसं वाटतं.

म्हणून ही पोस्ट. उजव्या पंखाखाली ते ठिगळ ज्यांनी मारलं ते काका जिथं कुठं असतील, त्यांना सांगायचं आहे... तुमचं विमान उदगीरला आहे, सुखरूप आहे. पोळ्याच्या दिवशी आमचे अप्पा पुन्हा तिथं गेले, त्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, आणि मगच घरी येऊन जेवले.