कमलबाईंची डाळ आणि जास्त वॅटचं मशीन

"तिसऱ्यांदा कपलर तुटला म्हणजे हे लोक वड्या विकून राह्यले," सेठ म्हणाले. "तू जा अन् डोळ्यानं बघून ये. धंदा दिसला का वॉरंटी कॅन्सल. मग त्यायले मोठ्या वॅटचं मॉडेल दाखव."

सेठ म्हणजे चंद्रपूरच्या ज्या दुकानात मी सर्व्हिसचं काम करतो, त्या दुकानाचे मालक. कपलर म्हणजे मोटर आणि भांडं यांच्या मधला दातेरी प्लास्टिकचा तुकडा. मोटर त्याला फिरवते आणि तो भांड्यातलं पातं फिरवतो. भांड्यात फार जड काही अडकलं तर आधी तो तुटतो आणि मोटर वाचते. एका घरात तो पुन्हा पुन्हा तुटत असेल तर तिथे काहीतरी लपवलं जातंय, असं आमच्या धंद्यात धरून चालतात.

मी तर जरा जास्तच धरून चालतो. इतकी वर्षं मिक्सर आणि फूड प्रोसेसर उघडून माझा स्वभावच तसा झाला आहे. "काही केलं नाही, आपोआप बंद पडलं," असं म्हणणाऱ्यांच्या भांड्यातून मी चमचे काढलेत, हळकुंडं काढलीत, एकदा तर वाळलेल्या मोहफुलांचा गोळा काढला. तोही आपोआपच गेला होता म्हणे. त्यामुळे मूल शहराजवळच्या एका गावी निघालो तेव्हा गिऱ्हाइकावर माझा संशय पक्का होता. सेठवरही थोडा होताच, कारण मोठ्या वॅटचं मॉडेल दुकानात बरेच दिवस पडून होतं.

हिवाळ्याचे दिवस. धान निघालं होतं, घराघरापुढे तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग होते. तक्रार प्रमोदच्या नावावर होती, पण तो बल्लारपूरला कामाला जातो, सकाळच्या गाडीनेच निघून गेला होता. घरी त्याची आई कमलबाई आणि बायको वैशाली. ओसरीवर पाय ठेवला आणि मला जे बघायचं होतं तेच दिसलं. भिंतीला लागून स्टीलचे रिकामे डबे मांडलेले, लहान-मोठे, झाकणांवर वेगवेगळी नावं कोरलेली.

"एवढे डबे कोणाचे, बाई?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लोकायचे होय जी," कमलबाई म्हणाल्या. "वड्यायचे डबे. कोहळे उतरले का येतेत. नणंदेचा हाय, बहिणीचा हाय, हे शेजारचे."

"म्हणजे वड्या करून विकता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली टूलकिट उगीचच खाली ठेवली. "वड्यायचे पैसे कोन घेते, भाऊ? तुमच्या इथी घेतेत काय?"

मग त्यांनीच समजावून सांगितलं. त्यांच्याकडे कोहळ्याच्या वड्या दरवर्षी घालतात. उडदाची डाळ भिजवून वाटायची, कोहळ्याचा कीस पिळून त्यात मिसळायचा, हाताने खूप फेटायचं आणि उन्हात कापडावर वड्या घालायच्या. ज्या बाईचा हात चांगला, तिच्याकडे सगळे डाळ आणि कोहळा घेऊन येतात, घालू लागतात आणि आपला डबा भरून नेतात. गावात तो मान कमलबाईंचा होता.

"औंदा मात्र सगळे डबे रिकामेच वापस धाडाचे हायेत," त्या म्हणाल्या आणि उजवा हात पदराखाली घेतला. मागच्या वर्षी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. हाड नीट बसलं नाही. पाट्यावर वरवंटा ओढायची ताकद त्या हातात उरली नव्हती. म्हणून प्रमोदने फूड प्रोसेसर आणला होता.

मशीन त्याने कसं निवडलं, हे मला न विचारताच कळलं, कारण बहुतेक लोक तसंच निवडतात. खोक्यावर वॅट बघायचे, जास्त असतील ते उचलायचं. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. ते काम किती करतं, हे त्यावरून कळत नाही. भरपूर जेवणारा माणूस भरपूर काम करतोच असं नाही, हे घरोघरी माहीत असतं, पण दुकानात आल्यावर कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मी नवीन कपलर बसवत होतो तेवढ्यात कमलबाई जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "भाऊ, सुनेनं लावली का मशीन चालते. म्या लावली का बंद पडते. तुमाले काही समजते काय यातलं?" त्यांचा रोख स्पष्ट होता. मग त्या कोहळा आणायला मागच्या दारी गेल्या आणि वैशाली चहा घेऊन आली. तीही हळूच म्हणाली, "भाऊ, आईले मशीन नकोच हाय. त्यायले पाटाच पायजे. मुद्दाम जाळून राह्यल्या, असं वाटते मले."

मी दोघींचंही ऐकलं आणि दोघींवरही विश्वास ठेवला नाही. मशीन उलटं केलं. तळाशी एक लाल बटण असतं, त्याला आम्ही ओव्हरलोड म्हणतो. मोटर फार तापली की ते आपोआप बाहेर येतं आणि मशीन बंद पडतं. थंड झाल्यावर ते दाबलं की मशीन पुन्हा सुरू होतं. घरात सहसा कोणाला हे बटण माहीत नसतं, आणि त्यावर पिठाचा, तेलाचा थर बसलेला असतो. इथे सगळ्या तळाला थर होता आणि बटण तेवढं लख्ख पुसलेलं होतं. कोणीतरी ते नेहमी दाबत होतं.

"हे बटण कोण दाबतं?" मी विचारलं.

कमलबाईंना बटण आहे हेच माहीत नव्हतं. वैशाली चहाचे कप उचलायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मग मी माझा नेहमीचा मार्ग धरला. "डाळ भिजलेली आहे ना? दोघींनीही आपापल्या पद्धतीने वाटून दाखवा. मी नुसता बघतो."

पहिली पाळी कमलबाईंची. त्यांनी डाळ निथळली आणि भांडं अर्ध्याच्या वर भरलं. पाण्याचा एक थेंब नाही. वड्यांच्या डाळीला वरून पाणी घालायचं नाही, हा त्यांचा नियम. कोहळ्याचा जो ओलावा येईल तेवढाच. मशीन सुरू झालं, घरघरलं, वाकडातिकडा आवाज काढू लागलं. त्यांनी डाव्या हाताने झाकण दाबून धरलं. थोड्याच वेळात वायंडिंगचा, म्हणजे मोटरीतल्या तारांच्या वेटोळ्यांचा, जळका वास आला आणि सगळं थांबलं. बटण बाहेर आलेलं होतं.

"पाहा," कमलबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हार होती, आणि मला ते ऐकवलं नाही.

मशीन थंड झाल्यावर वैशालीची पाळी आली. तिने थोडी डाळ घेतली, थांबत थांबत फिरवली. अगदी बरोबर हात. माझ्याच दुकानातल्या डेमोवाल्याने शिकवावं तसा. पण मधे एकदा तिने सासूकडे पाठ केली आणि ओट्यावरचा पेला उचलून पुन्हा जागेवर ठेवला. पेला भरलेला होता, तो रिकामा झाला. मशीन सुरळीत चालत राहिलं आणि डाळ गुळगुळीत वाटून झाली.

मी तेव्हा काही बोललो नाही. सासू-सुनेच्या मधे बोलायचं नाही, एवढं मला कळतं. पण कमलबाईंना फसवून कोणाला काय मिळणार, हे काही मला कळेना. मी विचारलं, "बाई, मागच्या वर्षी वड्या कशा झाल्या होत्या?"

त्या ओट्यावर सांडलेली डाळ बोटाने गोळा करू लागल्या. मग म्हणाल्या, "दगड. शिजल्याच नाई. सुनेनं वाटून देल्लं, म्या डाव्या हातानं फेटलं. पान्यात थेंब टाकून पायला, तर बुडला. आखीन फेटलं, आखीन बुडला. म्या समजून गेली का हात मेला आपला. लेकीले बी धाडल्या नाई त्या वड्या."

हे थेंबाचं असं असतं. फेटलेल्या पिठाचा थेंब वाटीभर पाण्यात टाकायचा. तरंगला तर पिठात हवा भरली, वडी हलकी होणार. बुडला तर वडी कडक होणार. यात वाद घालायला जागा नसते, म्हणून मला ही परीक्षा आवडली.

"आता पुन्हा बघू," मी म्हणालो. उरलेली डाळ मी स्वतः वाटायला घेतली. अगदी थोडी थोडी, दर वेळी मशीन निववून, आणि पाण्याऐवजी कोहळ्याच्या किसाचं पिळून निघालेलं पाणी चमच्याने शिंपडत. हे फार कंटाळवाणं काम होतं. एवढ्या डब्यांच्या वड्या या पद्धतीने करायच्या तर उन्हाळा लागेल. पण मला एकदाच करून बघायचं होतं. दोन वेगळ्या परातींत दोन वाटणं झाली, एक वैशालीचं, एक माझं. दोन्ही कमलबाईंनी डाव्या हाताने फेटली.

वैशालीच्या वाटणाचा थेंब वाटीत टाकला. तो सरळ खाली गेला. माझ्या वाटणाचा टाकला. तो वर राहिला आणि वाटीच्या काठाला जाऊन लागला.

कमलबाईंनी आणखी एक थेंब टाकला. तोही तरंगला. त्या स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या.

"भाऊ, हात तर दोनीले एकच होता ना?" त्या म्हणाल्या.

मी काही सांगायच्या आतच वैशाली बोलली. "म्या पानी टाकलं होतं, आई. आता बी टाकलं अन् मागच्या साली बी. टाकलं नाई तर मशीन बंद पडते. ते लाल बटन बी म्याच दाबत होती. दुकानातल्या पोरानं सांगतलं होतं का थोडं पानी टाका. मशीन जळली असती तर तुम्ही मोडल्या हातानं पाटा घेऊन बसल्या असत्या. तुमाले सांगतलं असतं तर तुम्ही टाकूच देल्लं नसतं."

"नसतंच टाकू देल्लं."

"म्हनूनच नाई सांगतलं."

"अन् वड्या दगड झाल्या तवा?"

वैशाली रडायला लागली. "तवा लय भेव लागला, आई. अन् मंग तुम्ही कोनाशी बोलेच ना. तवा तर आखीनच नाई सांगता आलं."

"पोरी," कमलबाई म्हणाल्या, "म्या सालभर स्वयंपाकातल्या मिठाची बी चव तुले पाहाले लावली. मले वाटलं माह्या हातात आता काईच राह्यलं नाई."

त्यानंतर त्यांनी पदराने आधी वैशालीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. मी मशीनचा तळ पुसत बसलो. तो पुसून झाला तरी पुसत बसलो.

मग कामाचं बोललो. फूड प्रोसेसर वाईट नव्हता. कोहळा किसायला, भाजी चिरायला, रोजच्या चटणीला उत्तम होता. पण त्याचं पातं डाळ कापतं, आणि फार वेगाने कापतं, त्यात डाळ तापते. पाटा डाळ चुरतो, हळूहळू आणि थंड. वड्यांना चुरलेली डाळ लागते. त्यासाठी वेट ग्राइंडर नावाचं वेगळं मशीन असतं. त्यात दगडाचा तळ आणि त्यावर गोल फिरणारे दगडाचेच रोळे असतात. पूर्वी मी सिरोंचा भागात काम करायचो, तिकडच्या तेलुगू घरांत इडली-डोशासाठी ते सर्रास दिसतं. कोहळ्याचं पाणी शिंपडत गेलं की त्यात घट्ट डाळही वाटली जाते. "मोठ्या वॅटचं मशीन घेऊ नका," मी म्हणालो. "ते यापेक्षा जास्त तापेल, एवढाच फरक पडेल."

"तुमच्या दुकानात भेटते काय तो दगडवाला?" वैशालीने विचारलं.

"नाही. आमच्याकडे नाही."

कमलबाईंनी डोळे बारीक केले. "मंग भाऊ, तुमाले याच्यात काय भेटते?" मी घरात शिरलो तेव्हा ज्या नजरेने त्यांच्या डब्यांकडे बघत होतो, त्याच नजरेने आता त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाईट वाटलं नाही. उलट त्या सावरल्या असं वाटलं.

दुकानात सेठने विचारलं, "काय, धंदा?"

"घरगुतीच आहे. वॉरंटीत कपलर बदलून दिला."

"अन् मोठं मॉडेल?"

"त्यांच्या कामाचं नाही. वेट ग्राइंडर घ्या म्हणालो."

"तो आपल्याकडे कुठी हाय?"

"म्हणूनच दुसरीकडून घ्या म्हणालो."

सेठने मोठ्या मॉडेलच्या खोक्यावरची धूळ झटकली. दुसऱ्या दुकानातून मला कमिशन मिळतं, हा संशय त्यांच्या मनात त्या दिवशी बसला, तो अजून गेलेला नाही. मीही तो काढायच्या फंदात पडलो नाही.

काही दिवसांनी कमलबाईंचा फोन आला. ग्राइंडर आला होता. डाळ वैशाली वाटते, फेटतात दोघी आळीपाळीने. "थेंब तरंगते," त्या म्हणाल्या. "तिचा बी तरंगते. हात हाय पोरीले. मलेच माहीत नव्हतं." मग लगेच, "मशीनीचे रोळे सैल वाटून राह्यले जी, कोन्या दिवशी पाहाले येता?" रोळे सैल नव्हते, ते तसेच असतात. पण मी गेलो.

मशीन कोणतं घेऊ, असं आता कोणी विचारलं तर मी वॅट सांगत नाही. वर्षातलं सगळ्यात जड वाटण कोणतं आणि ते कोण वाटणार, हे आधी विचारतो. दुकानात ते मॉडेल नसेल तर तसं सांगतो. आणि पूर्वी मी घरात शिरल्या शिरल्या माणसांवर संशय घ्यायचो, तो क्रम आता उलटा केला आहे, आधी मशीनवर संशय घेतो. मशीन नीट चालेना की लोक मला फार उशिरा बोलावतात. त्याआधी कितीतरी दिवस त्यांची स्वतःच्याच हाताला नावं ठेवून झालेली असतात.