विनंतीतलं कादरचं नाव

सेनगावजवळच्या तांड्यात धुरपताबाईंची विनंती सगळ्यांत लांब चाले. विनंती म्हणजे तांड्याची प्रार्थना. अग्नीत गूळ-तुपाचा भोग टाकून उभ्यानं करायची. बाकीचे मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांचं एकदम भलं मागून मोकळे होत. बाईंचा अशा ठोक मागणीवर विश्वास नव्हता. त्या दिवशी ज्यानं त्यांच्या घरची भाकर खाल्ली, त्याचं त्या नाव घेत, आणि त्यानं "हाव" म्हणायचं.

"माय, शिरा थंडा होऊन राहिला," मुलगा रणजीत कुरकुरे.

"होऊ दे. देवाकडं गर्दी लई. नाव सांगावं लागतं."

१९९८च्या उन्हाळ्यात रणजीतची विहीर खोल करायचं काम चाललं होतं. सुरुंग लावणारा कादर शिरड शहापूरचा. मुक्काम बाईंच्या ओसरीत. एका शुक्रवारी दुपारी विहिरीची एक बाजू ढासळली. माणसं जेवायला वर आलेली. कादर शुक्रवारी सेनगावला नमाजला जाई, म्हणजे तोही सुटलाच. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून बाईंनी काठावरच आभाराची विनंती मांडली.

"प्रार्थनेनं दगड हलत नाही, धुरपताबाई," बघायला आलेले तातेराव मास्तर म्हणाले.

नावं सुरू झाली. "कादर." हाव आलं नाही.

"जुम्मा हाय, माय. गेला असंल. फुडलं नाव घे," रणजीत म्हणाला.

"टोपी घेतल्याबिगर? खुंटीवरच हाय त्याची टोपी."

विनंती तशीच टाकून सगळे विहिरीत उतरले. धोतर खोचून मास्तरसुद्धा. दिवस मावळता मावळता दोन धोंड्यांच्या सांदीत कादर सापडला. पाय मोडलेला, पण जिवंत. काम उरकायचं म्हणून त्यानं नेमकी त्याच दिवशी नमाज चुकवली होती. एका प्रार्थनेच्या भरवशावर त्याला कुणी शोधलं नव्हतं, दुसरीमुळं शोधलं. या विषयावर मास्तर तेव्हापासून जपून बोलतात.

कादर आता लंगडतो. दर उन्हाळ्यात बायको शरीफाला घेऊन तांड्यावर येतो, आल्याआल्या भाकर खातो आणि विनंतीत नाव आलं की असा "हाव" ठोकतो की दावणीचे बैल माना वळवतात.

"हळू रे," बाई म्हणतात. "देव बहिरा न्हाई. त्या दिवशी काहून गप होतास?"

"तोंडात माती होती, माय."

"बरं," म्हणून बाई शरीफाचं नाव घेतात.